घरचा पीसी पुण्यातून चालवतोय, पोर्ट फॉरवर्डिंगचे आठ महिने

मी सोमवार ते शुक्रवार पुण्यात, घर नाशिकला, आणि चार-पाच दुकानदारांचे हिशोब ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते घरच्या डेस्कटॉपवर, लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बसलो, की रिमोट डेस्कटॉप (दूर बसून घरच्या पीसीची स्क्रीन वापरणं) लावूनच टाकू.

राऊटरमधलं काम, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून ठरावीक पोर्टवर आलेलं ट्रॅफिक घरातल्या पीसीकडे वळवणं), खरं सांगू का, दहा मिनिटांचं आहे. डीएचसीपीमध्ये (राऊटर घरातल्या डिव्हाइसना पत्ते वाटतो ते सेटिंग) जाऊन पीसीला १९२.१६८.०.५० हा पत्ता कायमचा राखून ठेवला (नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि तुमचा नियम भलत्याच डिव्हाइसकडे, आमच्याकडे तर टीव्हीकडे, ट्रॅफिक पाठवत बसतो), मग नॅट फॉरवर्डिंगमध्ये बाहेरचा पोर्ट ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट), आतला ३३८९, टीसीपी, सेव्ह, झालं. विंडोज होम असेल तर मात्र इथेच थांबा, होमवरून दुसऱ्या पीसीत जाता येतं पण होममध्ये बाहेरून शिरता येत नाही, प्रो लागतं. आणि लॉगिनला तो चार आकडी पिन चालत नाही, पासवर्ड आठवावा लागतो, मला आठवत नव्हता.

एवढं करून मोबाईलच्या डेटावरून ट्राय केलं तर कनेक्टच होईना. दोन दिवस फायरवॉल उघड-बंद करत बसलो. कस्टमर केअरचं एकच, सर राऊटर रिस्टार्ट करून बघा. शेवटी केबल जोडायला येतो त्या पोराने व्हॉट्सॲपवर राऊटरच्या वॅन आयपीचा (राऊटरला बाहेरून मिळालेल्या पत्त्याचा) फोटो मागितला आणि म्हणाला, "दादा हा १०० पासून सुरू होतोय, तुम्ही सीजीनॅटमागे आहात, कितीपण पोर्ट उघडा काय उपयोग नाय." म्हणजे १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल तर एकच पब्लिक आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, बाहेरून आलेलं काही तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही. हे आधी बघा, बाकी सगळं नंतर. मी स्टॅटिक आयपी (फक्त आपल्यासाठीचा, न बदलणारा पब्लिक पत्ता) घेतला, महिना २०० अधिक जीएसटी, वर्षाचे २,८३२ एकदम भरले.

मग तीनेक महिने मजेत गेले. टायपिंगला काही लॅग नाही, एक्सेल मस्त चालतं, चंदनापुरी घाटात बसमध्ये रेंज गेली तरी परत जोडलं की सगळं जिथल्या तिथे उघडं.

आणि फेब्रुवारीत, १९ तारखेच्या रात्री, दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख, मेसेज आला की अकाउंट लॉक झालंय. विंडोज ११ नवीन टाकलेलं असेल तर दहा चुकीचे पासवर्ड पडले की दहा मिनिटं लॉक होतं, आणि चुकीचे पासवर्ड मी नव्हतो टाकत, इंटरनेटवरचे बॉट (आपोआप पासवर्ड मारत बसणारे प्रोग्राम) टाकत होते. आणि माझ्या अकाउंटचं नाव काय, तर ॲडमिन! दहा मिनिटांनी उघडलं की ते परत लॉक करायचे. शेवटी साडेअकराला बाबांना उठवलं, म्हटलं राऊटरमधली पांढरी केबल काढा. ते म्हणे दोन पांढऱ्या आहेत. व्हिडिओ कॉलवर दाखवून एक काढली, बारा मिनिटं थांबलो, मग "आता लावा" म्हटल्या म्हटल्या बॉटच्या दहा चुका व्हायच्या आत मी आत शिरलो. रिटर्न भरलं. मग विंडोजमधलं नोंदी दाखवणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं तर सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदीच नोंदी, ॲडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, युजर, काय वाट्टेल ती नावं, आणि हे सगळं पहिल्या आठवड्यापासून चालू होतं, मीच कधी बघितलं नव्हतं.

बाहेरचा पोर्ट बदलून ५० हजारांच्या पुढचा टाकला, थोडे दिवस शांतता, नंतर परत तेच. पोर्ट बदलणं म्हणजे दाराला कुलूप न लावता घरावरची पाटी काढून ठेवणं आहे.

आता ३३८९ चा नियम कायमचा उडवलाय. पीसीवर वायरगार्ड हे व्हीपीएन (घरापर्यंतचा खासगी, कुलूपबंद रस्ता) टाकलं, राऊटरमध्ये फक्त त्याचा यूडीपी ५१८२० फॉरवर्ड केला, आधी व्हीपीएन जोडायचं आणि मग रिमोट डेस्कटॉपमध्ये आतलाच १९२.१६८ वाला पत्ता टाकायचा. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे लॉग एकदम कोरा. अकाउंटचं नावही बदललं.

अजून दोन गोष्टी कराच, पीसीचं स्लीप बंद करा आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची पीसीची सेटिंग) लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग लावा, पावसाळा सुरू झाल्यापासून तेच वाचवतंय. आमच्या आईचं मात्र बायोसमध्ये काही होत नाही, ती रात्री राऊटरचं बटण बंद करते, "झोपल्यावर कोण वापरतंय".

सीजीनॅट असेल आणि पैसे घालवायचे नसतील तर सरळ टेलस्केल (हेही व्हीपीएनच) लावा, घरगुती वापराला फुकट आहे, पोर्टही उघडावा लागत नाही. चुलतभावाकडे तेच लावून दिलं, अर्ध्या तासात चालू. मला दिवाळीत माहीत असतं तर २,८३२ वाचले असते, आता स्टॅटिक आयपी रिन्यू करणार नाहीये.