बेस्ट प्लेअरचा कप कुणाला? निवडीच्या चार पद्धती शेजारी-शेजारी

पावसाळा संपला की मुंबईच्या मैदानांवर आणि टर्फवर फुटबॉलच्या स्पर्धा सुरू होतात. आमची सेव्हन-अ-साइड, म्हणजे सात-सात जणांची असते: १६ संघ, नॉकआउट, दोन रविवार. लाइट, रेफ्रींचं मानधन, पाण्याचे जार, सगळ्याचा हिशेब महिनाभर आधी लागतो. बेस्ट प्लेअर कसा निवडायचा हे मात्र फायनल चालू असताना स्कोअररच्या टेबलाशी ठरतं. मागच्या वर्षी आम्ही तिघांनी गोलांचा कागद पाहिला आणि ज्याच्या नावापुढे सगळ्यात मोठा आकडा होता, त्याला कप दिला. त्याच्या सहा गोलांपैकी चार पहिल्याच सामन्यातले होते, शाळकरी पोरांच्या संघावर मारलेले. बक्षिसं वाटून झाल्यावर विजेत्या संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, कडेला बसून बूट सोडत होता. चार सामन्यांत त्याच्या संघाने एकच गोल खाल्ला होता. त्याचं नाव आमच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

यंदा समितीची बैठक आधी घेतली. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हा निर्णय कसा होतो ते मी त्या बैठकीपुढे मांडलं. तुमच्याकडेही स्पर्धा असेल आणि कप कुणाला द्यायचा हे ठरवायचं असेल, तर तेच इथे सविस्तर लिहितो.

सगळ्यात सोपी पद्धत गोल मोजण्याची. यात वाद नाही, वशिला नाही, आणि गोल ही काही छोटी गोष्ट नाही. वांद्र्यात नेव्हिल डिसोझा यांच्या नावाचं मैदान आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक केली, भारत ४-२ जिंकला आणि पुढे चौथा आला. सत्तर वर्षं होत आली तरी मुंबईतले फुटबॉलवाले ती हॅटट्रिक सांगतात. कधी कधी आकडा आणि डोळा एकच सांगतात. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात इंटरकॉन्टिनेंटल कप झाला, तेव्हा भारताच्या ११ गोलांपैकी ८ एकट्या सुनील छेत्रीचे होते. फायनलमध्ये केनियावरचे दोन्ही त्याचेच. तिथे कुठलीही पद्धत लावा, नाव तेच निघणार.

पण त्याच अंधेरीच्या मैदानावर जानेवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई कपात ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० हरवलं आणि सॅम करने एकाच सामन्यात ५ गोल केले. ती स्पर्धेत ७ गोलांसह टॉप स्कोअरर ठरली. ऑस्ट्रेलिया मात्र उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून १-० हरून बाहेर पडली. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली चीनची वांग शानशान. उपांत्य सामन्यात जपान पुढे असताना तिने एक्स्ट्रा टाइम संपता संपता बरोबरी साधून दिली होती, म्हणून चीनचा संघ पेनल्टींपर्यंत पोचला आणि तिथून फायनलला. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोरियाविरुद्ध ०-२ ने मागे पडूनही चीन ती फायनल ३-२ जिंकला. सॅम कर खेळाडू म्हणून कमी नव्हती. तिच्या सातांपैकी पाच गोल कुणावर पडले, हे टॉप स्कोअररच्या यादीत दिसत नाही, एवढंच. याचं टोकाचं उदाहरण १९९४ च्या वर्ल्ड कपचं. रशियाच्या ओलेग सालेन्कोने कॅमेरूनवर एका सामन्यात ५ गोल मारले, एकूण ६ झाले, आणि रशिया गटातच बाद झाला. सर्वाधिक गोलांचं बक्षीस, गोल्डन बूट, त्याला बल्गेरियाच्या स्टॉइचकॉव्हबरोबर विभागून मिळाला. तो स्टॉइचकॉव्ह आपल्या संघाला उपांत्य फेरीपर्यंत घेऊन गेला होता.

गोल सारखे झाले तर काय, हे आधी लिहून ठेवा. २०१० च्या वर्ल्ड कपात चौघांचे ५-५ गोल झाले. थॉमस म्युलरने सहकाऱ्यांना ३ गोलांसाठी पास दिले होते, बाकीच्यांनी एकेक, म्हणून बूट त्याला मिळाला. युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, २०२१ साली पोर्तुगालचा रोनाल्डो आणि चेक संघाचा शिक ५-५ वर होते, तिथेही एका असिस्टवर, म्हणजे गोलासाठी दिलेल्या पासवर, निकाल रोनाल्डोच्या बाजूने लागला. २०२४ च्या युरोत मात्र ३-३ गोल करणाऱ्या सहा जणांना बक्षीस विभागून दिलं. आपल्याकडे असिस्टची नोंद कुणी नीट ठेवत नाही, तेव्हा विभागून देणंच बरं.

दुसरी पद्धत पत्रकारांच्या मतांची. वर्ल्ड कपच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, गोल्डन बॉल, १९८२ मध्ये सुरू झालं. तांत्रिक समितीने नावं काढायची आणि स्पर्धेला आलेल्या पत्रकारांनी मत द्यायचं, अशी रीत २०१० पर्यंत होती. तिची एक बाजू फार चांगली आहे: पाहणारी माणसं पुष्कळ, त्यामुळे हरलेल्या संघातला माणूसही नजरेतून सुटत नाही. उरुग्वे चौथा आला तरी २०१० चं गोल्डन बॉल दिएगो फोर्लानला मिळालं ते त्यामुळेच. घोळ झाला तो वेळेचा. २००२ मध्ये जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याची निवड फायनल व्हायच्या आत झाली होती. स्पर्धाभर तो भिंतीसारखा उभा राहिला, आणि फायनलमध्ये ब्राझीलच्या रिवाल्डोचा फटका त्याच्या हातून सुटला, त्यावर ब्राझीलच्याच रोनाल्डोने गोल केला. २००६ मध्ये बरीच मतं फायनल संपायच्या आधीच पडली होती. फ्रान्सच्या झिदानला २०१२ गुण, इटलीचा बचावपटू कानावारो याला १९७७. मग ११० व्या मिनिटाला झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोकं मारलं आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. मतं तोपर्यंत पेटीत होती.

त्या ३५ गुणांच्या फरकाची मला आजही हळहळ वाटते. इटलीने त्या अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल खाल्ले: एक स्वतःच्याच खेळाडूच्या पायाने झालेला, दुसरा फायनलमधला झिदानचा पेनल्टी. उघड्या खेळात प्रतिस्पर्ध्याने मारलेला एकही नाही. कानावारो सगळ्या ६९० मिनिटांत मैदानावर होता आणि त्याला एकही कार्ड मिळालं नाही. त्याच वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याला मिळाला, पण वर्ल्ड कपचं गोल्डन बॉल १९८२ पासून २०२२ पर्यंत एकाही बचावपटूला मिळालेलं नाही. गोलकीपरला एकदा मिळालं, कानला.

तिसरी पद्धत प्रेक्षकांच्या मतांची, तिच्याबद्दल थोडक्यात. २०२२ च्या वर्ल्ड कपात सामनावीर चाहत्यांच्या ऑनलाइन मतांवर ठरत होता. बेल्जियम कॅनडाविरुद्ध कसाबसा १-० जिंकला, सामनावीर झाला केव्हिन डी ब्रॉयना. तो स्वतःच म्हणाला की आपण चांगलं खेळलो नाही, नावामुळे मिळालं असेल. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर पोल टाकला तर ज्या गल्लीचा ग्रुप मोठा तिचा पोरगा जिंकेल. वेगळं ‘प्रेक्षकांचा आवडता’ बक्षीस ठेवायला हरकत नाही. मुख्य कप त्यावर देऊ नका.

चौथी पद्धत जाणकारांच्या समितीची, आणि माझा कल तिच्याकडे आहे. युरोत अनुभवी प्रशिक्षकांची निरीक्षक मंडळी सामने पाहतात आणि स्पर्धेचा खेळाडू ठरवतात. २०२१ मध्ये त्यांनी गोलकीपर डोनारुम्माला निवडलं. २०२४ मध्ये निवडलं स्पेनचा मिडफिल्डर रोड्री याला. त्याने स्पर्धेत एकच गोल केला होता आणि फायनलमध्ये दुखापतीमुळे तो मध्यंतरानंतर उतरलाच नाही. गोलांच्या कागदावरून रोड्री कुणालाच सापडला नसता. स्पेनचा चेंडू कुणाच्या पायातून फिरतोय, प्रतिस्पर्ध्याची चाल मध्येच कोण तोडतोय, हे बघत बसलेल्या माणसालाच तो सापडतो. नवी मुंबईने ज्याची एक उपांत्य लढत पाहिली त्या २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपातही ८ गोल इंग्लंडच्या ब्रूस्टरचे होते आणि गोल्डन बॉल त्याच्याच संघातल्या फिल फोडेनला मिळालं.

समितीही चुकते. २०१४ मध्ये फिफाच्या तांत्रिक गटाने मेस्सीला गोल्डन बॉल दिलं, तेव्हा खुद्द फिफाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी आश्चर्य व्यक्त केलं होतं. मोठ्या नावाचं वजन जाणकारांवरही पडतं. २०२२ ला पुन्हा मेस्सीच निवडला गेला, आणि तेव्हा एम्बाप्पेचे गोल त्याच्यापेक्षा एकाने जास्त असूनही फार कुणी तक्रार केली नाही.

गल्लीतल्या स्पर्धेत समितीचा खरा धोका निराळा असतो. तिघेही यजमान मंडळाचे असले की निकाल आधीच लागतो. म्हणून आम्ही असं ठरवलं: तीन माणसं, त्यांतला एक आमच्या मंडळाचा, दोन बाहेरचे जुने खेळाडू किंवा कोच. त्यांतला एक तरी स्वतः बॅकला खेळलेला हवा. प्रत्येक सामन्यानंतर तिघांनी एकमेकांशी न बोलता तीन नावं लिहायची: ३, २, १ गुण. बेरजेतून पहिली पाच नावं काढायची, कारण नुसती बेरीज धरली तर जास्त सामने खेळलेल्यांचंच पारडं जड होतं. त्या पाचांतून निवड फायनलची शेवटची शिट्टी झाल्यावरच करायची, मग बक्षीस समारंभ दहा मिनिटं उशिरा झाला तरी चालेल. पाहुण्यांना तेवढं थांबवता येतं. टॉप स्कोअररचा कप वेगळा राहील, बेस्ट गोलीचाही वेगळा.

बैठकीत एकाने विचारलं, एवढं सगळं दोन रविवारांच्या स्पर्धेसाठी? मी त्याला बूट सोडत बसलेल्या त्या पोराची आठवण करून दिली. त्याच्या संघाने यंदाही नाव दिलं आहे. गुणपत्रिका छापायला टाकली आहे, आणि गोलांच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना घेतला आहे: ‘होणारा गोल कोणी अडवला’.