पुश-फिट फिटिंग्ज: कित्येक महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. पाइप नीट कापता येत असेल आणि जोड डोळ्यांसमोर राहणार असेल, तर दुरुस्तीसाठी पुश-फिट फिटिंग्ज, म्हणजे पाइप नुसता आत ढकलून बसणारे जोड, बिनधास्त घ्या. भिंतीत गाडायची असतील किंवा अख्ख्या घराची नवी लाइन टाकायची असेल, तर मी तरी घेणार नाही. माझ्याकडे ती सध्या तीन ठिकाणी आहेत: थंड पाण्याच्या सीपीव्हीसी (एक प्रकारचं कडक प्लास्टिक) लाइनवर, गीझरच्या तांब्याच्या पाइपवर आणि सिंकखाली, जिथे पाना फिरवायलाही जागा नाही. त्यांतलं एक एल्बो (काटकोनात वळणारा जोड) झिरपलं, त्याबद्दल पुढे लिहितोच. बाकीच्यांकडे बघण्यापलीकडे काही करावं लागलेलं नाही.

वॉटर प्युरिफायरला बारीक नळी नुसती खुपसून बसवतात, ते पांढरं फिटिंग पाहिलं असेल. तत्त्व तेच, फक्त इथे अंग पितळेचं आणि माप पाइपलाइनचं. तोंडाशी सोडवण्याची कॉलर, तिच्या आत तिरप्या दातांची स्टेनलेस स्टीलची रिंग आणि त्यामागे ईपीडीएम रबराची ओ-रिंग, म्हणजे गोल कडं. पाइप आत जाताना दात वाकून वाट देतात, बाहेर ओढला की रुततात. दातांचं काम पाइप धरून ठेवण्याचं, पाणी अडवते ती एकटी ओ-रिंग. ही कामाची वाटणी लक्षात ठेवली की निम्म्या चुका टळतात. जोड बसवल्यावर सगळे पाइपला हिसडा देऊन बघतात आणि निघाला नाही की खूश होतात. त्या हिसड्याने फक्त दात रुतल्याचं कळतं, पाणी अडेल की नाही हे नाही.

याची खरी किंमत ओल्या पाइपवर कळते. जुना मेन वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि कापलेल्या टोकातून बारीक धार चालूच राहते, हा प्रकार बहुतेकांनी अनुभवलेला असेल. तांब्यावर झाळकाम करायचं तर आतलं पाणी सगळी उष्णता खातं आणि डाख वितळतच नाही. सीपीव्हीसीवर सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) लावायचं तर पृष्ठभाग कोरडा हवा, आणि चिकटवल्यावरही लाइन लगेच चालू करता येत नाही, काही तास थांबावं लागतं. पुश-फिटला ओल्याचं वावडं नाही, उलट ओला पाइप सहज सरकतो. खटकन बसला की लगेच वॉल्व्ह उघडायचा.

दुरुस्तीसाठी मात्र साधं कपलर (दोन पाइप सरळ जोडणारं फिटिंग) घेऊ नका, स्लिप कपलर घ्या. साध्या कपलरच्या मधोमध आडकाठी असते. दोन्ही बाजूंचे पाइप क्लॅम्पने पक्के असतील तर त्यांना लांब सारून ते मध्ये घालता येत नाही. स्लिप कपलर लांबीला जास्त असतं. ते आधी एका पाइपवर आतपर्यंत सरकवायचं, मग मागे आणून दुसऱ्या पाइपवर चढवायचं. साधारण दोन इंचांचा तुकडा कापून काढला असेल तर नवा पाइप न घालता काम होतं. ते मागे आणताना सोडवण्याची कॉलर क्लिपने दाबून धरावी लागते, आणि कोपऱ्यात ओल्या हातांनी हे करणं जाहिरातीत दाखवतात तितकं सोपं नाही. घोड्याच्या नालेच्या आकाराची ती क्लिप फिटिंगसोबत मिळेलच असं नाही. आठवणीने वेगळी घ्या.

सगळा खेळ पाइपच्या टोकाचा आहे. कटरने काटकोनात कापलेलं टोक सर्वांत चांगलं. जुनी सीपीव्हीसी ठिसूळ झालेली असते आणि दाबाच्या कटरने लांबवर तडकू शकते, तिथे बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड बरं. ब्लेडने कापलं की काठावर कीस राहतो, तो आतून-बाहेरून काढायचाच. तांब्याचा धारदार काठ आत जाताना ओ-रिंगला चीर पाडतो आणि ती चीर बाहेरून दिसत नाही. मग टोकापासून खोली मोजून मार्करने पाइपभोवती रेघ मारायची. अर्ध्या इंची पाइपला ती साधारण एक इंच असते, नेमका आकडा फिटिंगच्या पाकिटावर बघा. ढकलताना आधी दातांचा अडथळा लागतो, नंतर ओ-रिंगचा. पहिल्याच अडथळ्याला पाइप बसल्यासारखा वाटतो, ओढला तर निघतही नाही, आणि तरीही तो ओ-रिंगपर्यंत पोचलेला नसतो. रेघ कॉलरला टेकली तरच काम झालं. मी ती रेघ पुसत नाही. पाण्याचा दाब आल्यावर दात पक्के रुततात तोवर पाइप अगदी किंचित मागे येतो, तेवढं ठीक. त्यापुढे रेघ सरकत राहिली तर गडबड आहे.

आता त्या एल्बोबद्दल. गीझरच्या तांब्याच्या लाइनवर ते बसवलं होतं. थेंब पडत नव्हता, खाली ठेवलेलं भांडं कोरडंच, पण काही आठवड्यांनी कॉलरभोवती हिरवट-पांढरं कडं दिसू लागलं. टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला तर सकाळी एका बाजूने ओलसर. फिटिंग काढून ओ-रिंग भिंगाखाली तपासली, तिला ओरखडाही नव्हता. दोष पाइपचा निघाला. पूर्वी कुणीतरी पाइप-पाना लावून तो पिळला होता आणि पान्याच्या एका दाताने पाइपच्या लांबीच्या दिशेने बारीक चर पाडला होता, नेमका ओ-रिंग बसते त्या जागी. आडवा ओरखडा एक वेळ चालून जातो. उभा चर म्हणजे ओ-रिंगखालून पाण्याला केलेली वाटच. बारीक पॉलिश पेपरने तो गेला नाही. तेवढा तुकडा कापला, तुटीसाठी स्लिप कपलर घातलं आणि तेच एल्बो परत बसवलं. त्यानंतर टिश्यू कोरडा आहे. तेव्हापासून टोकावरून नख फिरवून बघतो. नख अडकलं तर तो भाग कापूनच टाकतो.

मापात फार लोक फसतात. ही पितळी फिटिंग्ज पाइपच्या बाहेरच्या व्यासावर बसतात. अर्धा इंची तांब्याचा आणि सीपीव्हीसीचा पाइप बाहेरून 15.9 मिलिमीटर असतो, म्हणून एकच फिटिंग दोन्हींना चालतं. अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप मात्र बाहेरून 21.3 मिलिमीटर भरतो आणि पीपीआरचा (आणखी एका प्लास्टिकचा) 20, त्यांना हे चालत नाही. 15 मिलिमीटरचा मेट्रिक तांब्याचा पाइप अर्धा इंचीसारखाच दिसतो, तोही चालत नाही. दुकानात जाण्याआधी व्हर्नियर (बाहेरचा व्यास मोजायचं साधन) लावा. पेक्स हा प्लास्टिकचा पाइप मऊ असल्याने त्याच्या आत आधाराची नळी लागते, क्रोम चढवलेल्या पाइपवर दात रुतत नाहीत.

दाबाची चिंता घरगुती वापरात नाही. शार्कबाइट या कंपनीच्या फिटिंग्जची मर्यादा 200 पीएसआय (दाबाचं एकक) आणि 93 अंश सेल्सिअस अशी दिलेली आहे. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असली तरी दाब जेमतेम 14 पीएसआय होतो. त्रास असतो तो हालचालीचा. तीन मीटरचा सीपीव्हीसी पाइप 40 अंशांनी तापला की साधारण 8 मिलिमीटर लांबतो. नळ झटकन बंद केल्यावर बसणारा धक्का वेगळाच. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवेत. शिवाय हे फिटिंग पाइपवर गोल फिरतं. वॉल्व्हचा दांडा सोयीच्या दिशेला वळवायला ते छान, पण नळ लावायला वाईट, कारण नळ हातात डुलतो. तिथे स्क्रूने भिंतीला पक्कं होणारं कानवालं एल्बोच घ्यावं.

भिंतीत का नको, तर काही कंपन्या त्याला परवानगी देतात हे मला माहीत आहे. पण शेवटी भिस्त एका रबरी कड्यावर आहे, आणि वर सांगितलेलं हिरवट कडं टाइलमागे मला कधीच दिसलं नसतं. त्यात सोल्युशनने चिकटणाऱ्या कपलरच्या कित्येक पट किंमत. अख्ख्या लाइनसाठी तो खर्च पटण्यासारखा नाही. ग्रीस किंवा तेल लावू नका, खनिज तेलाने ईपीडीएम फुगतं. पाण्याच्या लाइनसाठीची ही फिटिंग्ज गॅसला किंवा हवेच्या कॉम्प्रेसरला तर मुळीच लावायची नाहीत.

घरात एकच पुश-फिट वस्तू ठेवायची झाली तर मी एंड कॅप ठेवीन. रात्री पाइप फुटला की फुटक्या फाट्याचा पाइप कापायचा, पाणी टपकत असतानाच टोपी चढवायची आणि मेन वॉल्व्ह उघडायचा. बाकीच्या घराला पाणी मिळतं आणि पक्की दुरुस्ती दिवसाउजेडी करता येते. फक्त कॅप आपल्याच पाइपच्या मापाची आहे ना, हे आजच बघून ठेवा.