मॅक्लॉड : पायवाटेला झकास, खणायला बेकार (पाचपैकी चार)

शहरातल्या जंगल-पार्कात पायवाटा नीट करायला, रान साफ करायला जे व्हॉलंटियर ग्रुप जातात त्यांच्याकडे बहुतेक कुदळ, फावडं, घमेली आणि फार तर एखादं बागेतलं दाताळं एवढंच असतं. त्यात मॅक्लॉड घ्यावा का असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय. घ्या, पण कुठल्या कामाला घेताय ते आधी ठरवा, कारण ह्याला भलत्या कामाला जुंपलं की अवजाराची पण वाट लागते आणि जंगलाची पण.

ज्यांनी बघितलाच नाहीये त्यांच्यासाठी: चारेक फुटांचा दांडा, टोकाला रुंद पोलादी पातं, पात्याच्या एका बाजूला जाडजूड दाते आणि दुसऱ्या बाजूला सरळ धार. मुळात हे वणव्याच्या कामाचं अवजार. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या सिएरा नॅशनल फॉरेस्टच्या माल्कम मॅक्लॉड नावाच्या रेंजरने ते बनवलं, आग पुढे सरकू नये म्हणून पाचोळा ओढून मातीचा पट्टा उघडा करायला. नंतर पायवाटवाल्यांनी ते उचललं आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग तिथेच आहे.

आता पायवाट खराब होते ती मुख्यतः पाण्याने. चालून चालून मधली माती दबते, बाहेरच्या म्हणजे उताराकडच्या काठावर मातीचा उंचवटा तयार होतो, मग पावसाचं पाणी आडवं निघून जायच्या ऐवजी वाटेवरूनच धावत सुटतं आणि थोड्या दिवसांत वाटेची घळ होते. घळीत चिखल झाला की लोक कडेने चालतात, कडेची रोपं तुडवली जातात, वाट रुंद होत जाते. म्हणजे वाट दुरुस्त करणं आणि जंगल परत आणणं ही दोन वेगळी कामं नाहीतच, हे अजून कितीतरी जणांच्या डोक्यात शिरत नाही, सगळ्यांना फोटोसाठी झाडं लावायची असतात! तर तो काठाचा उंचवटा काढायला मॅक्लॉडसारखं दुसरं काही नाही. दात्यांनी फोडा, धारेने ओढा, पसरा, उलटा-सुलटा करत सपाट करा, मग पात्याच्या सपाट बुडाने धोपटा. फावड्याने हेच करायला दुप्पट वाकावं लागतं.

आणि एक भारी गोष्ट, हा पात्यावर आपापला उभा राहतो. वाटेला बाहेरच्या बाजूला हलका उतार हवा, साधारण ५ टक्के, म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीला ३ सेंटिमीटर. वाटेवर मॅक्लॉड उभा करून ठेवायचा, दांडा दरीकडे किंचित कलला तर उतार बरोबर, डोंगराकडे कलला तर पाणी वाटेवर साचणार. वेगळं लेव्हल मीटर नको की काही नको. अर्थात वाटच सरळ चढावर काढलेली असेल तर मॅक्लॉड काय करणार? डोंगराचा उतार २० टक्के असेल तर वाटेचा चढ १० च्या वर नको, म्हणजे निम्म्याच्या आत, त्यापेक्षा खडी वाट कितीही धोपटली तरी वाहून जाणारच, ती नवीन आखावी लागते.

शॉर्टकट बंद करायला पण दाते मस्त चालतात. दगडासारखी घट्ट झालेली माती वरवर उकरायची म्हणजे बी रुजायला जागा मिळते, मग त्यावर पाचोळा आणि आडव्या-तिडव्या फांद्या. शॉर्टकटची दोन्ही तोंडं नीट झाका, पलीकडचं टोक दिसलं की लोक घुसतातच.

आता तक्रारी. हातात दाते आले की माणसाला झाडलोट सुचते. अंगण झाडावं तसा सगळा पाचोळा ओढून जमीन चकाचक करणारे उत्साही मेंबर प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. अरे बाबांनो, किडे, बेडूक, सरडे, बुरशी, बी, सगळं त्या पाचोळ्यातच आहे, ओल टिकते ती पण त्यानेच. फक्त वाटेची रुंदी साफ करायची आणि निघालेला पाचोळा खालच्या अंगाला विस्कटून टाकायचा, काठावर ढीग घातला की परत पाणी अडलं. ह्यासाठी अवजाराचा मार्क कापत नाही, पण नवख्या माणसाच्या हातात देताना सांगूनच द्या.

मार्क कापलाय तो खणण्यासाठी. खडकाळ जमिनीत, मुळांच्या जाळ्यात ह्याचा काही उपयोग नाही, पहार लावल्यासारखं दात्यांनी दगड उचकटायला गेलात तर दाते वाकतात. घाणेरी काढायला तर नकोच. तिला कुदळच लागते, खोडाखाली मातीत तीनेक सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते परत मुळं धरत नाही. नुसतं वरून छाटलं की बुडातून डबल फुटतं. ही कुदळ, तो कोयता आणि मॅक्लॉड, प्रत्येकाचं काम वेगळं, ऑल इन वन म्हणून घेणाऱ्यांची निराशा होईल.

वापरताना दोन माणसांत दहा फूट अंतर ठेवा. खांद्यावर टाकून चालू नका, पातं खाली आणि उताराच्या बाजूच्या हातात धरा. जमिनीवर ठेवताना दाते खाली. काम झाल्यावर दात्यांतली माती तिथेच ब्रशने काढून टाका, नाहीतर गाजर गवताचं बी तुम्हीच दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पेराल. लाकडी दांडा असेल तर अधूनमधून जवसाचं तेल चोळा, लाकूड सुकलं की पातं हलायला लागतं, आणि ज्याचं पातं बोल्टने बसवलंय त्याच्यासाठी पाना बरोबर असू द्या, बोल्ट ढिला व्हायचा तर नेमका पार्कच्या पार टोकाला होतो.