भूलतज्ज्ञाच्या बॅगेतली नोंदवही: फॉर्म ३सी वर्षभर भरल्यानंतर

एप्रिल २०२४ पासून मी फॉर्म ३सीची नोंदवही, म्हणजे डॉक्टरांनी आयकरासाठी ठेवायचं रोजच्या केसेसचं रजिस्टर, भरते आहे. आर्थिक वर्ष संपलं, वहीही संपत आली, म्हणून आता लिहायला बसले. मी भूलतज्ज्ञ आहे. नोकरी नाही, स्वतःचं क्लिनिक नाही. बोलावणं येईल तशी पाच-सहा हॉस्पिटलांत जाते. सकाळी एकीकडे सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्नियाची लिस्ट. त्यामुळे आमची कमाई एका ठिकाणी कधीच जमा होत नाही. कुणी महिनाअखेरीला देतं, कुणी तीन महिन्यांनी, कुणी ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) पाकीट हातात ठेवतं. आधी मी डायरीत आणि फोनमध्ये जमेल तसं टिपून ठेवायचे आणि जुलैत आयकर रिटर्न भरताना बँकेचं स्टेटमेंट समोर घेऊन एकेक केस आठवत बसायचे.

ही वही सरकारी नमुन्याची आहे. २०२४-२५ मध्ये लागू असलेल्या आयकर नियम १९६२ मधल्या ६एफ नियमात डॉक्टरांसाठी रोजच्या केसेसचं रजिस्टर सांगितलं होतं, ते हे. रकाने मोजके: तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचं नाव, दिलेल्या सेवेचं स्वरूप, मिळालेली फी आणि फी मिळाल्याची तारीख.

त्या शेवटच्या रकान्यासाठी मी ही वही कुणालाही घ्यायला सांगेन. केस झाली त्या दिवशी तो रिकामा राहतो आणि पैसे आले की भरतो. ऑगस्टची पानं नोव्हेंबरात चाळली तेव्हा एकाच हॉस्पिटलच्या नऊ ओळींपुढे तो रकाना कोरा दिसला. अकाउंट्समध्ये गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमचं सगळं क्लिअर आहे." मी वही उघडून पुढे ठेवली. त्यांनी ओटीचं रजिस्टर मागवलं आणि आम्ही दोघांनी बोट ठेवून एकेक ओळ जुळवली. नऊच्या नऊ जुळल्या. पुढच्या आठवड्यात पैसे खात्यात आले. आधीच्या वर्षांत असे किती राहून गेले असतील, ते आता कळायला मार्ग नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन रकाने मी स्वतः आखून वाढवले. पहिला टीडीएसचा, म्हणजे फी देतानाच हॉस्पिटल कापून सरकारकडे भरतं त्या कराचा. २०२४-२५ मध्ये हॉस्पिटल आयकर कायद्याच्या कलम १९४जे खाली १० टक्के कापायचं. फी ४,००० असेल तर खात्यात ३,६०० येतात, पण उत्पन्न ४,०००च धरायचं. बँकेत जमा झालेला आकडा हीच कमाई समजण्याची चूक मी दोन वर्षं केली आणि २६एएस (आपल्या नावावर कापलेला कर दाखवणारं आयकर खात्याचं विवरण) व माझा हिशेब कधी जुळला नाही. आता दर तिमाहीला हॉस्पिटलकडून फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, आला की तो वहीशी ताडून बघते. मार्चच्या केसेस मात्र अजून डोकं खातात. हॉस्पिटल कर मार्चमध्ये कापतं, तो २६एएसमध्ये त्याच वर्षात दिसतो आणि पैसे येतात मे महिन्यात. मी पैसे हातात आल्यावर जमा धरते, त्यामुळे तेवढा टीडीएस पुढच्या वर्षी न्यावा लागतो. रिटर्नमध्ये त्याची सोय आहे, पण कोणत्या केसचा किती, हे सांगायला वहीच लागते.

दुसरा रकाना रोख की बँक, याचा. २०२४-२५ चं माझं रिटर्न कलम ४४एडीए खालचं, म्हणजे खर्चाचा हिशेब न देता वर्षभरात मिळालेल्या एकूण फीच्या (जमेच्या) निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची. त्यासाठी त्या वर्षी जमेची मर्यादा ५० लाख होती, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. अकाउंट पेयी (फक्त खात्यातच जमा होणारा) नसलेला चेकही यात रोखीतच मोजतात, हे मला वर्षाच्या मध्यावर समजलं. "४४एडीए असताना वही कशाला?" असं बरेच सहकारी विचारतात. कायद्याने सक्ती नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण एकूण जमा किती आणि त्यात रोख किती, हे नोंदीशिवाय सांगणार कसं? ज्यांचा भाडं, पगार, मशीनरी असा खर्च मोठा आहे आणि निम्म्याहून कमी नफा दाखवायचा आहे, त्यांना तर वह्याही ठेवाव्या लागतात आणि साधारणपणे ऑडिटही येतं.

आता उणिवा. कागदी वहीत बेरजा हाताने कराव्या लागतात. मी दर रविवारी वीसेक मिनिटं काढून सगळं एक्सेलमध्ये चढवते. शाईच्या पेनाने लिहू नका, सॅनिटायझरच्या हाताने माझी जूनची दोन पानं फिसकटली. आणि नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. ऑक्टोबरात वडील आजारी होते तेव्हा तीन आठवडे वही उघडलीच नाही. नंतर प्रत्येक ओटीच्या सिस्टरांना विनंती करून त्यांच्या रजिस्टरवरून नोंदी उतरवल्या. त्यांनी आपली कामं सांभाळून मदत केली, म्हणून पानं पूर्ण झाली.

वहीत रुग्णांची नावं असतात, त्यामुळे ती मी कुलपात ठेवते. सीएंना नावांचा रकाना वगळून फक्त आकडे पाठवते. तुम्हीही तसंच करा, अशी कळकळीची विनंती.

खर्चाच्या पावत्या वेगळ्या फाइलमध्ये. पेट्रोल पंपाच्या पावत्यांवरची छपाई काही महिन्यांत पुसट होते, त्यामुळे त्याच दिवशी फोटो काढते.

त्या ६एफ नियमातच औषधांचा आणि साहित्याचा साठाही वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी लिहायला सांगितला होता. ३१ मार्चला रात्री बॅग टेबलावर रिकामी केली. भूल देताना लागणारी औषधं आणि साहित्य: प्रोपोफॉल, अॅट्रॅक्युरियम, ग्लायकोपायरोलेट, स्पायनलच्या (पाठीतून भूल देण्याच्या) सुया, फ्रिजमधलं सक्सिनिलकोलीन. मुलगी मोजत होती, मी लिहीत होते. मोजता मोजता मुदत संपत आलेले सहा अँप्युल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) निघाले, ते तिथेच बाजूला काढले. सकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर तीच यादी उतरवली आणि साडेसातच्या सिझेरियनला निघाले.