ट्रेकिंग पोल : काही महिन्यांच्या चढ-उतारांनंतर

निकाल आधीच सांगते. चढासाठी घेणार असाल तर थोडं थांबा, उतारासाठी घेणार असाल तर खुशाल घ्या.

नव्या ठिकाणी राहायला आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, डोंगर मात्र जवळ होता. कामावरच्या मैत्रिणीने "येतेस का?" विचारलं आणि त्या निमित्ताने ट्रेकिंगच्या काठ्यांची ही जोडी घेतली. अ‍ॅल्युमिनियमची, तीन भागांची, खटक्याच्या लॉकची. मैत्रीण डोंगरात वाढलेली, मी सपाट रस्त्यांवर. चढताना दोघींनाही सारखाच दम लागतो. खरी तफावत दिसते ती उतरताना. घसाऱ्यावरून ती तिरकी पावलं टाकत सरसर निघून जायची आणि मी बसत, सरकत, तिला ताटकळत ठेवत यायचे. डोंगरातल्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला: ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. त्यात उताराचा हिशेबच नाही. माझ्यासारख्यांचा सगळा उशीर तिथेच होतो.

उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना नकोसा होतो. काठ्यांमुळे त्यातला थोडा भार हातांवर येतो. माझ्या गुडघ्यांना हा फरक स्पष्ट जाणवला. शिवाय निसरड्या मुरुमावर दोन जास्तीचे टेकू मिळाले की मन घाबरत नाही, पाऊल मोकळं पडतं. आता आम्ही गप्पा मारत बरोबरीने उतरतो. माझ्या लेखी पैसे तिथेच वसूल झाले.

मात्र लांबी नीट लावली तरच. सपाटीवर कोपर काटकोनात यावं, चढाला पाच-दहा सेंटिमीटर कमी, उताराला तेवढीच जास्त. पट्ट्यात हात खालून वर घालून पट्ट्यासकट मूठ धरायची, म्हणजे भार पट्टा घेतो, बोटं आवळावी लागत नाहीत. मोठमोठ्या दगडांत मात्र हात पट्ट्यातून काढा; फटीत अडकलेली काठी मनगट मुरगळू शकते. आणि जिथे कातळाला हाताने धरून चढायचंय तिथे काठ्या म्हणजे निव्वळ अडगळ. सरळ सॅकला बांधाव्यात.

आता तक्रारी. एका काठीचा वरचा खटका भार पडला की सरकायचा. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर म्हणून माहितीपत्रकच परत आलं. शेवटी खटक्यावरचा स्क्रू थोडा आवळला आणि काम झालं. टोकांवरच्या रबरी टोप्या पहिल्याच चिखलाने गिळल्या. त्यांच्याशिवाय कार्बाइडचं कडक टोक खडकावर असं टकटकतं की मैत्रीण म्हणाली, "अगं, पक्षी तरी ऐकू देत!" जादा टोप्या आधीच घेऊन ठेवा. एकदा दोन दगडांमध्ये सापडून खालचा भाग किंचित वाकला, आता तो पूर्ण आत जात नाही. तरी चालते. कार्बन फायबरची काठी हलकी असते हे खरं, पण अशा आडव्या दाबाला ती वाकण्याऐवजी तुटण्याची भीती जास्त. मुठी कॉर्कच्या आहेत, घामाने बुळबुळीत होत नाहीत, त्यांबद्दल तक्रार नाही.

पावसातून आल्यावर तिन्ही भाग वेगळे करून वाळवते. आत तेल घालायचा मोह टाळावा, लॉक घसरतात.

मैत्रीण सुरुवातीला "आजीबाई निघाल्या काठी टेकत" म्हणून चिडवायची. हल्ली लांब उतार आला की न बोलता हात पुढे करते आणि एक काठी तिच्याकडे जाते. एकेका काठीवरही बरं निभतं, पण दोन्ही असल्याची मजा नाही. तिने आता स्वतःची जोडी बघायला घेतली आहे. घडीची छोटी होते म्हणून तिला आवडली होती, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत लांबी फारशी बदलता येत नाही. ती माझ्यापेक्षा चांगलीच उंच, त्यामुळे मी तिला सरकत्या भागांचीच सुचवली आहे.