तोटीवाला बॉटल ट्रॅप, डिशवॉशरच्या नळीसाठी: पाचपैकी चार तारे

डिशवॉशरचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात, पण त्याचं खरकटं पाणी जातं कुठे, यावर कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून मी मशीनबद्दल लिहीत नाहीये. सिंकखाली बसणाऱ्या, बाजूला नळी जोडायची तोटी असलेल्या पांढऱ्या बॉटल ट्रॅपबद्दल, म्हणजे तळात पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या जोडाबद्दल लिहितेय. भुसावळला जामनेर रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात अडीचशेच्या आत मिळाला. शेजारीच चकचकीत क्रोमचा होता, चौपट किमतीचा आणि बिनतोटीचा. ओट्याखालच्या अंधारात चकाकी बघणार कोण?

मशीन बसवायला कंपनीकडून आलेल्या मुलाने ड्रेनची नळी सरळ खालच्या जाळीत खुपसली, "झालं ताई" म्हणाला आणि सही घेऊन गेला. आपल्याकडे सिंकचा वळ्यावळ्यांचा वेस्ट पाइपही त्याच जाळीत सोडलेला असतो. मशीन एका दमात तीन-चार लिटर पाणी फेकतं. नेमकी त्याच वेळी कोणी कळण्याच्या पिठाची परात विसळली की जाळीला झेपत नाही, पाणी ओट्याखालून थेट देवघराच्या दिशेने. "पाणी कुठून येऊन राह्यलं वं?" ही सासूबाईंची हाक आमच्याकडे रोजची झाली होती. जाळीच्या फटीतून येणारी झुरळं आणि वास वेगळाच. शिवाय नळीचं तोंड जमिनीलगत पडलं असेल तर सायफन लागतो: मशीनने धुण्यासाठी भरून घेतलेलं पाणी मधेच ओढलं जातं आणि भांडी अर्धवट धुतलेली निघतात.

या ट्रॅपमध्ये तोटी पाण्याच्या पातळीच्या वर आहे, त्यामुळे खालच्या वाटीत साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं आणि मशीनचं पाणी वरून येऊन पुढे जातं. गल्लीतल्या प्लंबरकाकांनी तो चहा निवायच्या आत बसवला. त्यांनी आधी तोटीचा नट काढून आतली बंद टोपी बाहेर काढली. ही टोपी डिशवॉशर नसलेल्या घरांसाठी असते. ती तशीच राहिली तर मशीन पाणी ढकलत राहतं, वाट सापडत नाही आणि एरर दाखवून थांबतं. काही ट्रॅपमध्ये टोपीऐवजी तोटीच्या आत प्लास्टिकचा पडदाच असतो, तो कापावा लागतो. त्याच्या कडा गुळगुळीत करून घ्या, नाहीतर शितं तिथेच अडकतात. तोटी पायऱ्यापायऱ्यांची आहे. आमची नळी मधल्या पायरीवर गच्च बसली, वरून स्टीलची होज क्लिप आवळली. नुसती तार गुंडाळून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मग काकांनी नळी तोटीपर्यंत सरळ न आणता आधी ओट्याच्या कडप्प्याला टेकेल इतकी वर चढवली, तिथे क्लिपने बांधली आणि तिथून खाली उतरवली. सिंक तुंबलं तर घाण पाणी नळीतून उलटं मशीनमध्ये शिरू नये म्हणून हा उंच वळसा. नळी किती उंचीवर न्यायची याचे आकडे मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असतात, ते काकांना वाचून दाखवा. काकांना राग येतो, येऊ द्या.

तपासायची रीतही सोपी आहे. सिंकचं बूच लावून ते काठोकाठ भरायचं, एकदम सोडायचं आणि मशीनच्या तळात पाणी येतं का ते बघायचं. मग मशीन नुसतं पाणी उपसण्यावर लावून प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवायचा. आमच्याकडे वरच्या नटापाशी कागद ओला झाला. वॉशर तिरका बसला होता, सरळ केल्यावर थांबलं.

घेताना दोन गोष्टी बघा. एक, माप. वॉशबेसिनचा ट्रॅप सव्वा इंची असतो, किचन सिंकला बहुतेक दीड इंची लागतो, आणि दुकानदार हाताला येईल तो काढून देतो. सिंकच्या भोकात बसणारं जुनं कपलिंग सोबत न्या. दुसरं, प्लास्टिक. मशीनमधून ६५-७० अंशांचं पाणी बाहेर पडतं. पीव्हीसी ८० च्या आसपास नरम पडायला लागतं, म्हणजे फार अंतर उरत नाही, आणि वळ्यांचा पातळ पाइप तर लोंबायलाच लागतो. तळाला पीपी असा शिक्का असलेला घ्या, ते पॉलिप्रॉपिलीन, गरम पाणी नीट सोसतं. (मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतून थंडच्या नळालाही चटका बसणारं पाणी येतं. म्हणजे मशीनचं काम आधीच अर्धं झालेलं.)

एक तारा कापला तो भरितामुळे. हिवाळ्यात बामणोद गावची भरिताची वांगी घरात आली की भाजलेल्या सालीचे काळे कपटे, मिरचीच्या बिया, दाण्याचा कूट आणि वर तेलाचा तवंग, सगळं त्या वाटीत जाऊन बसतं. बॉटल ट्रॅपची खोड ही. पाणी आत शिरून वळतं, जड गाळ तळाशी राहतो. खाली जागा असेल तर पी ट्रॅप, म्हणजे वाटी नसलेला नुसता वाकवलेला पाइप, स्वयंपाकघराला जास्त बरा. आमच्या ओट्याखाली पिठाचा डबा आणि सिलिंडर असल्यामुळे हाच बसला. वाटी हाताने फिरवून निघते, हे मात्र मान्य. खाली घमेलं ठेवा, मशीन बंद असताना उघडा, आणि परत लावताना पान्याने आवळू नका, प्लास्टिकचे आटे लगेच मरतात.

बोअरचं पाणी असेल त्यांना आणखी एक काम: जड पाणी मऊ करायला मशीनमध्ये घालतात ते मीठ संपू देऊ नका. नाहीतर आधी ग्लासांवर आणि मग या तोटीच्या तोंडावरही पांढरा थर धरतो. आणि दुकानातून निघतानाच दोन जादा वॉशर मागून घ्या, नंतर त्या मापाचे सुटे मिळत नाहीत.