दुपारी साडेतीनला काढलेलं रक्त

मी भुसावळचा. रेल्वेत मालगाडीवर गार्ड आहे. २०२२ पासून आमच्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालंय, पण यार्डात अजून सगळे गार्डसाहेबच म्हणतात. वय ३९, एक मुलगी, आणि दुसऱ्या मुलाचा विचार चाललेला. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं याच्याशी बांधलेलं आहे.

२०२३ च्या पावसाळ्यापासून मला सतत थकल्यासारखं वाटायचं. रात्रपाळी करून आलं की झोप लागायची, पण उठल्यावर अंग जड. जिममध्ये वजन उचलवेना, पोट सुटलेलं, घरात चिडचिड. आणि नवरा-बायकोत जे असायला हवं त्याची इच्छाच होईना. हे कोणाला सांगणार? रेल्वेचं हॉस्पिटल गावातच, कार्ड खिशात, पैसा लागत नाही. पण तिथले वॉर्डबॉयसुद्धा ओळखीचे. लाजेपायी मी फुकटचं सोडलं आणि विकतचं घेतलं.

जिमच्या ट्रेनरने एका वाक्यात निदान केलं. ‘दादा, तुमचा टेस्ट लो असेल.’ टेस्ट म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषांचा हार्मोन. जळगावात एक ‘हार्मोनवाले सर’ आहेत, मंगळवार-शुक्रवार बसतात, त्याच्या ओळखीने लवकर नंबर लागेल. हा ट्रेनर दर माणसामागे पैसे घेत होता हे मला सहा महिन्यांनी कळलं. तेव्हा मात्र मी त्याला कॉफी पाजली होती.

डिसेंबरातला शुक्रवार. खंडव्याकडून गाडी घेऊन सकाळी सहाला आलो, दोनेक तास पडलो आणि जळगाव गाठलं. भरिताचे दिवस, त्यामुळे दुपारी मित्राबरोबर भरीत-पुरी झाली, वरून जिलबी. मग त्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर. बाहेर माझ्यासारखे चार-पाच सुटलेल्या पोटाचे, आणि धावायचे बूट घातलेली चोपड्याकडची दोन पोरं. पोलीस भरतीची तयारी करत होती. १६०० मीटर वेळेत बसत नाही, म्हणून आली होती. एकाला अजून नीट मिशी नव्हती.

आत गुळगुळीत टेबल, भिंतीवर चौकटीत चार प्रमाणपत्रं, सगळी इंग्रजीत, दोन परदेशी संस्थांची. साहेबांनी मला हात लावला नाही. नाडी नाही, रक्तदाब नाही, वजनसुद्धा विचारून लिहिलं. मागच्या खोलीत एका पोराने रक्त काढलं. वर भिंतीवर घड्याळ होतं, साडेतीन वाजले होते. तासाभरात रिपोर्ट हातात: २६८. कागदावर छापलेली मर्यादा ३०० ते १०००. खाली सहीच्या जागी नुसता लॅबचा शिक्का.

‘तुमचं वय ३९, पण शरीर साठीचं आहे,’ साहेब म्हणाले. माणूस घाबरला की हिशेब करत नाही. बारा आठवडे, बारा इंजेक्शनं, ४८,००० रुपये. मी तिथल्या तिथे मोबाइलवरून भरले. स्कॅन केल्यावर नाव आलं एका मोबाइल शॉपीचं. विचारलं तर कंपाउंडर म्हणाला, ‘आपलंच आहे ते.’ पावती मागायचं सुचलंच नाही.

आता खरं तेही सांगतो. इंजेक्शनांनी फरक पडला. तिसऱ्या आठवड्यापासून अंगात असा जोर आला की दुसऱ्या मजल्यावर जिन्याने दोन-दोन पायऱ्या टाकत जायचो. बेंच प्रेसला ७० किलोवर अडकलेला मी ८५ वर गेलो. घरातही सगळं बरं चाललं. म्हणूनच मी पुढे दुसरं पॅकेज घेतलं, आणखी ४८,०००. जे लोक ‘पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं’ म्हणतात त्यांना हे कळत नाही. खोटं औषध दिलं असतं तर मी महिन्यात पळालो असतो.

इंजेक्शनच्या बाटलीवरचं लेबल कायम सोललेलं असायचं. काच चिकट, त्यावर नखाचे ओरखडे. आत पिवळसर तेल. एकदा घाईत अर्धंच सोललं गेलं होतं, त्यावर २५० हा आकडा दिसला. चिठ्ठीवर औषधाचं नाव नसायचं, नुसतं ‘टी-१’, ‘टी-२’. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नाही. नोंदणी झालेल्या डॉक्टरला तो चिठ्ठीवर लिहावा लागतो, २००२ च्या नियमावलीतच आहे. आणि ही औषधं ‘शेड्यूल एच’मधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराने विकायची नाहीत अशी. ही अक्कल मला नंतर आली.

मार्चपर्यंत पाठीवर मोठाले फोड, कपाळाची शीर ठणकायची, आणि घोरणं इतकं वाढलं की मुलगी आजीकडे झोपायला गेली. आई म्हणाली, ‘काबरं रे भाऊ, तोंड असं लाल काबरं पडेल हाये?’ मी म्हटलं, उन्हाने. मे महिन्यात साहेबांनी ग्रोथ हार्मोन सुचवलं, २२,००० रुपये. भुसावळचा मे म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर. कंपाउंडरने त्या इवल्याशा बाटल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. मी तशाच बसमध्ये मांडीवर घेऊन आलो. मेव्हण्याचं अमळनेरला मेडिकल आहे, त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, ‘दाजी, हे इन्सुलिनसारखं २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आमच्याकडे बर्फाच्या डब्यात येतं. यात एक तर माल नाही, किंवा होता तो उकडला.’ सावद्याला केळी पिकवतात त्या चेंबरचं तापमानसुद्धा एखादा अंश इकडेतिकडे झालं तर व्यापारी ओरडतो, आणि मी २२ हजारांचं औषध उन्हात आणलं. संशयाची पहिली ठिणगी ही.

जूनमध्ये बायकोच्या आग्रहाने वीर्य तपासणी केली. रिपोर्ट पाकिटात होता, तो तिनेच उघडला. शुक्राणू: शून्य. कमी नाही, शून्य. ती काही बोलली नाही, पाकीट घडी करून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं.

साहेबांकडे गेलो तर ते अजिबात दचकले नाहीत. ‘होतं असं. रिकव्हरी किट देतो.’ १८,०००. तेही मी घेतलं. का घेतलं, याला माझ्याकडे उत्तर नाही. एकूण १,३६,००० रुपये गेले, तपासण्या वेगळ्या.

मेव्हण्याने जुलैत मला अक्षरशः धरून नाशिकला नेलं. एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा खरा डॉक्टर. हा शब्द नीट लक्षात ठेवा. एमबीबीएस, त्यावर एमडी, त्यावर पुन्हा तीन वर्षांची डीएम ही पदवी (किंवा त्याच तोलाची डीआरएनबी), तेव्हा माणूस या विषयाचा तज्ज्ञ होतो. ‘हार्मोन स्पेशालिस्ट’, ‘मेन्स हेल्थ कन्सल्टंट’, ‘अँटी-एजिंग फिजिशियन’ असं पाटीवर कोणीही रंगवू शकतो.

तिथे दोन तास बसावं लागलं. पण आत गेल्यावर त्यांनी अर्धा तास नुसतं विचारलं. ड्युटी किती वाजता, झोप किती, घोरता का, लहानपणी गालफुगी झाली होती का, दारू, कुठली दुखणीनाशक गोळी. मग पडद्यामागे तपासलं. त्यांच्याकडे लंबगोल मण्यांची एक माळ होती, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येक मण्यावर आकडा. जपमाळेसारखीच. एका हाताने वृषण चाचपायचं आणि दुसऱ्या हाताने कुठला मणी तेवढा भरतो ते बघायचं. माझा १० वर थांबला. मोठ्या माणसाचा साधारण १५ ते २५ असतो. आधीच्या ठिकाणी सात महिन्यांत हे कोणी पाहिलंच नव्हतं.

रक्तात हिमॅटोक्रिट ५६ निघालं, म्हणजे रक्त दाट झालेलं. ५४ च्या वर गेलं की टेस्टोस्टेरॉन थांबवायचं हा नियम आहे, कारण गुठळी होण्याची भीती. सात महिन्यांत ही साधी तपासणीसुद्धा झाली नव्हती. एलएच आणि एफएसएच हे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचे दोन हार्मोन, दोन्ही जवळजवळ शून्यावर. डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. पुढच्या ब्लॉक सेक्शनमध्ये गाडी उभी असेल तर मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही. बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनने सेक्शन भरून गेलं, म्हणून पिट्यूटरीने सिग्नल लाल ठेवला. सिग्नल नाही म्हणून वृषणांनी स्वतःचा माल बनवणं बंद केलं आणि शुक्राणूही बंद. शिवाय गरजवंताला जेवढा डोस दोन-तीन आठवड्यांतून एकदा देतात, तेवढा मी दर आठवड्याला घेत होतो. आणि मूल हवं असलेल्या पुरुषाला हे इंजेक्शन देतच नाहीत. मूल हवंय का, हा प्रश्न नाशिकच्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारला होता.

मी तो डिसेंबरचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही, वरच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. ‘रक्त साडेतीनला दिलं? जेवून? आणि आदल्या रात्री ड्युटी?’ टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारकडे उतरतं, जेवल्यावर आणखी उतरतं, झोप मोडली तर त्याहून. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, बरी झोप झालेल्या दिवशी द्यायचं. कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा कमी, आणि लक्षणंही असतील, तरच पुढचा विचार. म्हणजे तो २६८ खोटा नसेलही. पण त्या वेळी, त्या पोटी, जिलबी खाल्लेल्या कुठल्याही रात्रपाळीवाल्याचं रक्त काढलं असतं तर ते खालीच आलं असतं. आणि हे जळगावच्या साहेबांना माहीत असणार, कारण त्यांची वेळच दुपारी तीननंतरची होती.

मूळ दुखणं निघालं झोपेत श्वास अडकण्याचं. रात्रभर यंत्र लावून तपासलं, तासाला ३४ वेळा श्वास अडकत होता. ३० च्या वर म्हणजे तीव्र. त्यातूनच थकवा, त्यातूनच इच्छा नसणं, आणि इंजेक्शनांनी ते आणखी वाढवलं होतं. आता नाकाला मास्क लावून झोपतो. पहिल्या रात्री मुलगी म्हणाली, पप्पा पायलट दिसतात. रेल्वेच्या डॉक्टरांनाही सांगावं लागलं, ज्यांच्यापासून लपलो त्यांच्यापुढेच फाइल ठेवली. कोणी हसलं नाही.

इंजेक्शन थांबल्यावरचे तीन महिने वाईट गेले. बाहेरचं संपलेलं, आतलं सुरू झालेलं नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी काही काळ गोळ्या दिल्या, वजन ११ किलो उतरवायला लावलं. एप्रिल २०२५ मध्ये सकाळी आठला रक्त दिलं: ४१२, कुठलंही इंजेक्शन न घेता. शुक्राणू मिलिलिटरला ११ दशलक्ष, ऑगस्टमध्ये १९. १६ च्या वर ठीक धरतात. मूल अजून नाही. बघू.

तक्रारीचं सांगतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून डॉक्टरची नोंदणी बघता येते, दोन मिनिटांचं काम. साहेबांचं नाव तिथे नव्हतं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे अर्ज दिला, औषधांसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा. तिथल्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, बिल आहे? नाही. बाटली आहे? एक उरली होती, फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे, अर्ध्या लेबलाची. ती पंचनामा करून घेतली. तेव्हा बाटली फेकू नका, लेबल सोलू देऊ नका, आणि मोबाइलवरून पैसे दिलेत तर त्याचे स्क्रीनशॉट जपा. मला तेवढाच आधार आहे.

रावेरकडे जाताना भिंतींवर ‘खोयी हुई ताकद’ रंगवलेलं असतं ना? लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे. भिंती मात्र दर दिवाळीला नव्याने रंगतात. आम्ही शिकलेले लोक त्या भिंतींना हसतो आणि एसीतल्या टेबलापुढे तेच विकत घेतो.

ती भरतीची पोरं डोक्यातून जात नाहीत. त्यातल्या एकाने माझा नंबर घेतला होता, गार्डची भरती कधी निघते विचारायला. त्याला शोधून फोन केला. तो म्हणाला, ‘काका, माझे चारच झाले, पैसे संपले.’ पैसे संपले म्हणून वाचला. दुसऱ्याचं विचारलं तर गप्प झाला. मग म्हणाला, त्याने गोळाफेक चांगली केली.

गेल्या महिन्यात ड्युटी नसताना जळगावला गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावर दार बंद, पाटी काढलेली, भिंतीत स्क्रूची चार भोकं. खाली वॉचमन पारोळ्याकडचा, तंबाखू मळत बसला होता. विचारलं, हार्मोनवाले डॉक्टर कुठे गेले?

‘ते? ते आते धुयाले बसतस.’ म्हणजे आता धुळ्याला.